नावातली अक्षरं यादीत आहेत, तरी ‘अक्षर उपलब्ध नाही’ का येतं?

टॉवेल-नॅपकिनवर नाव भरून देणारे, घराच्या पाट्या करणारे, लेबल छापणारे, या सगळ्यांना एक तपासणी लागते: गिऱ्हाइकाने दिलेल्या नावातलं प्रत्येक अक्षर आपल्या अक्षरयादीत आहे का? प्रोग्रामिंगच्या भाषेत, एका स्ट्रिंगमधली (म्हणजे सलग मजकुरातली) सगळी कॅरेक्टर्स (अक्षरं, मात्रा, चिन्हं) दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये आहेत का? कुणी ती एक्सेलमध्ये बसवलेली असते, कुणी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या चार ओळींत, कुणाच्या ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमध्येच असते. सोलापुरात लग्नसराई लागली आणि टॉवेल-टोपीच्या आहेराच्या ऑर्डरी वाढल्या की ही तपासणी बिघडल्याचे फोन मला येतात, आणि कारणं दरवेळी तीच निघतात.

लक्षणं

- नावातली सगळी अक्षरं यादीत डोळ्यांना दिसतात, तरी ‘उपलब्ध नाही’ येतं.
- व्हॉट्सॲपवरून पेस्ट केलेलं नाव अडतं; तेच हाताने टाइप केलं की चालतं.
- ठरावीक नावंच अडतात: कुऱ्हाडे, वऱ्हाडे, ‘ॲड.’ लावलेली वकिलांची नावं, ज़ैद, क़ाज़ी.
- कोणतंही नाव टाका, पासच होतं. रिकामी ओळसुद्धा.
- नाव पास होतं, पण छपाईत रिकामा चौकोन येतो, किंवा टिंबांच्या गोलावर एकटी मात्रा बसलेली दिसते, किंवा भरतकामात एक अक्षर गाळलेलं असतं.

शेवटचं लक्षण सगळ्यात महाग पडतं. आधीच्या प्रकारांत काम नुसतं अडतं. इथे माल वाया जातो. भरलेले टाके उसवून टॉवेल पुन्हा नवा होत नाही.

कशालाही हात लावण्याआधी

बहुतेक ठिकाणी एक उपाय आधीच करून झालेला असतो. जे अक्षर अडलं ते कॉपी करून अक्षरयादीच्या शेवटी चिकटवलं, तपासणी पास झाली, काम पुढे गेलं. हे करू नका, आणि केलं असेल तर जुनी यादी परत आणा. आपल्या मशीनकडे किंवा फाँटकडे काय काय आहे याची ती यादी म्हणजे नोंद आहे. भरतकामाच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षर टाक्यांची एक आकृती असते; ती आकृती कुणीतरी बसून केलेली असावी लागते. यादीत एक ओळ वाढवल्याने मशीनमध्ये आकृती तयार होत नाही, तपासणी मात्र खोटं बोलायला लागते. अशा दोन-तीन सीझनमध्ये फुगलेल्या याद्या मी पाहिल्या आहेत. त्यांत एकच अक्षर तीन रूपांत असतं आणि त्यातलं नेमकं कोणतं मशीनला कळतं ते दुकानात कुणालाच सांगता येत नाही.

तेव्हा यादी गोठवा आणि खालच्या क्रमाने जा. क्रम फुकटच्या तपासण्यांपासून खर्चाच्या कामांपर्यंत आहे.

१. तुमचा प्रश्न नेमका कोणता आहे?

याला पैसे लागत नाहीत आणि संगणकही लागत नाही. ‘सगळी अक्षरं आहेत का’ या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिला: प्रत्येक प्रकारचं अक्षर यादीत एकदा तरी आहे का? भरतकाम आणि छपाईला एवढं पुरतं. एक ‘म’ भरता येत असेल तर दहा ‘म’ भरता येतात. गणितात याला उपसंच म्हणतात. पायथॉनमध्ये दोन्ही स्ट्रिंगांचे सेट (संच, ज्यात प्रत्येक अक्षर एकदाच धरलं जातं) करून पहिला दुसऱ्याचा उपसंच आहे का एवढं विचारलं की झालं.

दुसरा: पुरेशी अक्षरं आहेत का? पितळी किंवा ॲक्रिलिकची सुटी अक्षरं लावून पाटी करणाऱ्याला हा प्रश्न असतो. ‘कमलाकर’ला ‘क’ दोन लागतात. सेट केला की दोन ‘क’चा एक होतो, तपासणी हिरवा दिवा दाखवते आणि पाटी लावायला बसल्यावर एक अक्षर कमी पडतं. इथे मोजणी हवी: नावात प्रत्येक अक्षर किती वेळा आलं आणि साठ्यात किती आहेत, याची तुलना. पायथॉनच्या काउंटरने हे होतं, ३.१० आवृत्तीपासून दोन काउंटर ‘लहान किंवा समान’ या चिन्हाने थेट ताडून पाहता येतात. त्याआधीच्या आवृत्तीत नावाच्या काउंटरमधून साठ्याचा काउंटर वजा करा. काही उरलं तर तेवढी अक्षरं कमी आहेत. ‘काय कमी आहे’ हे आयतंच समजतं, म्हणून मला हीच पद्धत जास्त आवडते.

तिसरा: हे नाव जसंच्या तसं, सलग, दुसऱ्या स्ट्रिंगमध्ये आहे का? हा प्रश्न बहुधा कुणालाच विचारायचा नसतो, पण नवशिके प्रोग्रामर चुकून हाच विचारून बसतात. त्याची परीक्षा पुढच्या पायरीत आहे.

२. चार सोपी नावं टाकून बघा

अवघड नावांनी सुरुवात करू नका. ज्यांत मात्रा नाहीत, जोडाक्षरं नाहीत, अशी नावं घ्या. त्यांवरही तपासणी चुकली तर दोष अक्षरांत नाही, तर्कात आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे कष्ट वाचतात.

‘लव’ आणि ‘यश’ टाका. यादी वर्णमालेच्या क्रमाने असेल तर त्यात य, र, ल, व, श असा ओघ आहे. ‘लव’ पास आणि ‘यश’ नापास झालं, तर तपासणी सलग तुकडा शोधते आहे. ‘ल’ला लागून ‘व’ आहे म्हणून ‘लव’ सापडलं. ‘य’ आणि ‘श’ यांच्यामध्ये तीन अक्षरं आहेत म्हणून ‘यश’ सापडलं नाही. पायथॉनमध्ये पूर्ण नावावर ‘इन’ वापरलं की असंच होतं. ते एकेका अक्षरावर वापरायला हवं.

आता यादीत मुळीच नसलेलं एक चिन्ह घ्या, समजा बेरजेचं, आणि ‘यश’च्या शेवटी जोडा. हे पास झालं तर एकेक अक्षर तपासत जाणारा लूप पहिल्याच अक्षराला ‘आहे’ म्हणून बाहेर पडतोय. नियम असा हवा: नसलेलं अक्षर भेटलं की लगेच ‘नाही’ म्हणून थांबा, ‘आहे’ मात्र शेवटचं अक्षर तपासून झाल्यावरच म्हणा. ही चूक अनेक सॉफ्टवेअरमध्ये महिनोन्‌महिने राहते, कारण बहुतेक नावं खरंच बरोबर असतात आणि त्यामुळे उत्तरही बरोबर येत राहतं.

साधी नावं सगळीच नापास होत असतील तर दिशा उलटी झालेली असते: नाव यादीत शोधण्याऐवजी यादी नावात शोधली जाते. दोन शब्दांची अदलाबदल केली की झालं.

शेवटी काहीच न टाकता तपासा. रिकामी स्ट्रिंग पास होणार, आणि तर्काच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण रिकामा संच प्रत्येक संचाचा उपसंच असतो. पण आहेराच्या यादीतली रिकामी ओळ ‘ठीक’ म्हणून पुढे गेली तर गठ्ठ्यात बिननावाचा टॉवेल जातो. रिकाम्या नावाची अट वेगळी लिहा.

एक्सेलवाल्यांनी आणखी एक बघावं. तपासणी ‘सर्च’ने केली आहे की ‘फाइंड’ने? ‘सर्च’ला प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’ आणि तारांकन म्हणजे ‘काहीही’ असं वाटतं, म्हणून ही चिन्हं असलेलं नाव यादीत ती नसतानाही पास होतं. शिवाय इंग्रजी नावांत त्याला लहान-मोठ्या लिपीतला फरक दिसत नाही. भरतकामाच्या फाँटमध्ये अनेकदा फक्त मोठी लिपी असते, तिथे हा फरक महत्त्वाचा आहे. ‘फाइंड’ वापरा.

३. अडलेल्या नावाची लांबी मोजा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर दोष अक्षरांतच आहे. एक्सेलमध्ये ‘लेन’ सूत्र लावा. येणारा आकडा पाहून गोंधळू नका: आपण ‘सोलापूर’ चार अक्षरी म्हणतो, पण संगणक ७ म्हणतो, कारण ओकार, काना आणि ऊकार त्याच्या लेखी स्वतंत्र कॅरेक्टर आहेत. ‘सिद्धेश्वर’ची लांबी १० येते, त्यात दोन हलन्तही (पाय मोडण्याची चिन्हं) मोजलेले असतात.

आता तेच नाव शेजारच्या सेलमध्ये स्वतः टाइप करून त्याची लांबी बघा. आकडे वेगळे आले तर पेस्ट केलेल्या नावात न दिसणारं काहीतरी आहे. हे पडताळायला अर्धा मिनिट पुरतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या मोठ्या भागाचं उत्तर इथेच मिळतं.

शेवटची मोकळी जागा हा त्यातला नेहमीचा पाहुणा. ‘ट्रिम’ने ती गेली नाही तर ती साधी जागा नाही, वेबपेजवरून कॉपी करताना येणारी, ओळ न तोडणारी जागा आहे. ‘ट्रिम’ तिला हात लावत नाही, आणि ‘क्लीन’ फक्त ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रण-चिन्हं काढतं. दोन्ही सूत्रं लावली म्हणून नाव स्वच्छ झालं असं धरू नका.

४. प्रत्येक कॅरेक्टरचा क्रमांक काढा

युनिकोड या पद्धतीत प्रत्येक कॅरेक्टरला एक ठरलेला क्रमांक असतो. ‘मिड’ने नावातलं एकेक कॅरेक्टर वेगळ्या सेलमध्ये काढा आणि प्रत्येकावर ‘युनिकोड’ हे सूत्र लावा. ते एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून आहे. जुनं ‘कोड’ सूत्र देवनागरीला उपयोगाचं नाही. पायथॉनमध्ये हेच काम ‘ऑर्ड’ करतं.

देवनागरीचे क्रमांक २३०४ ते २४३१ या पट्ट्यात असतात. मराठी नावात या पट्ट्याबाहेरचा आकडा दिसला की तिथेच बोट ठेवा:

- ३२ ही साधी मोकळी जागा, १६० ही ओळ न तोडणारी.
- ८२०४ आणि ८२०५ ही शून्य रुंदीची चिन्हं. पहिलं दोन अक्षरं जोडू देत नाही, दुसरं जोडतं. डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत.
- ६५२७९ हे फाइलच्या अगदी सुरुवातीला येणारं चिन्ह. पहिल्याच गिऱ्हाइकाचं नाव अडत असेल तर हेच.
- ५८ म्हणजे विसर्गाच्या जागी टाइप केलेलं अपूर्णविराम. खरा विसर्ग २३०७.
- ४८ ते ५७ हे इंग्रजी अंक. देवनागरी अंक २४०६ ते २४१५. ‘शुभविवाह’सोबत तारीख भरायची असेल तर हे हमखास अडतं.

अक्षरयादीचीही अशीच चिरफाड करा. लोक फक्त नाव तपासतात. यादीसुद्धा कधीतरी कुणीतरी कुठूनतरी पेस्ट केलेलीच असते.

५. दिसायला एक, आत वेगळं

क्रमांक पट्ट्यातच आहेत आणि तरीही जुळत नाहीत? मग एकच अक्षर लिहिण्याच्या दोन पद्धती समोरासमोर आल्या आहेत. मराठीत याचा सर्वांत मोठा त्रास ‘ऱ’ला होतो, म्हणून तो नीट बघू.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव तीन प्रकारे साठवलेलं सापडतं. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे, २३५३, त्यापुढे हलन्त २३८१, मग ‘ह’. एकूण लांबी ८. दुसऱ्यात साधा ‘र’ २३५२, त्याखाली नुक्ता (अक्षराखालचं टिंब) २३६४, मग हलन्त. लांबी ९. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, आणि त्यानंतर न दिसणारं ८२०५. याचीही लांबी ९. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखी दिसतात. यादीत फक्त २३५३ असेल तर दुसऱ्या प्रकारात नुक्ता अडतो आणि तिसऱ्यात ८२०५ अडतो. दुकानदार म्हणतो, “काय ओ, ऱ तर आहे की यादीत!” त्याचं बरोबरच असतं.

पहिल्या दोन प्रकारांची तड नॉर्मलायझेशनने लागते. युनिकोडने ठरवून दिलेल्या नियमाने दोन्ही एकाच रूपात आणायचे. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमध्ये ही सोय आहे. ‘एनएफसी’ हे रूप निवडा. एक्सेलमध्ये यासाठी तयार सूत्र नाही, ‘सब्स्टिट्यूट’ने एकेक जोडी बदलावी लागते.

तिसऱ्या प्रकाराला मात्र नॉर्मलायझेशन हात लावत नाही. इथे अनेक जण ८२०४ आणि ८२०५ सरसकट पुसून टाकतात, आणि नवा घोळ होतो: ८२०५ गेलं की ‘ह’वर रफार चढतो, ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होतं. तपासणी पास, कापडावर आडनाव चुकीचं, आणि ते लग्नाच्या दिवशी लक्षात येतं. म्हणून क्रम पाळा. आधी ‘र, हलन्त, ८२०५’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. त्यानंतरच उरलेली न दिसणारी चिन्हं काढायची का ते ठरवा. ‘गुर्रम’सारख्या आडनावात खराखुरा रफार असतो, तिथे ८२०५ नसतंच, त्यामुळे ही बदली त्याला धक्का लावत नाही.

‘ॲड.’ची गोष्ट याच जातीची आहे, पण उपाय वेगळा. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली ५.१ आवृत्तीत मिळाली, क्रमांक २४१८. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत, म्हणजे २३०९ आणि २३७३, काही जण मध्ये ८२०५ सुद्धा घालत. ही तिन्ही रूपं आजही फिरतात. युनिकोडच्या दृष्टीने ती समान नाहीत, त्यामुळे कितीही नॉर्मलाइझ केलं तरी एक होत नाहीत. ही बदली तुम्हालाच हाताने लिहावी लागते. ‘अ’ला काना लावून केलेला ‘आ’ही तसाच, जुन्या मजकुरातून रूपांतर होऊन आलेल्या याद्यांत तो बराच सापडतो.

नुक्त्याची अक्षरं उलटी वागतात. ‘ज़’ला २३९५ असा एकसंध क्रमांक आहे, पण ‘एनएफसी’ त्याचे ‘ज’ आणि नुक्ता असे दोन तुकडेच करतं. ‘ऱ’ जोडला जातो आणि ‘ज़’ तुटतो, दोन्ही एकाच नियमाने. हे विचित्र वाटलं तरी चूक नाही. युनिकोडने काही अक्षरं पुन्हा जोडायची नाहीत असं ठरवलेलं आहे. परिणाम लक्षात ठेवा: नाव नॉर्मलाइझ केलं आणि यादी तशीच ठेवली, तर कालपर्यंत पास होणारा ‘ज़ैद’ आज अडेल. जी सफाई नावावर, तीच यादीवर, त्याच क्रमाने.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूत नाव भरून मागणारे आहेत, अक्कलकोटकडचे कन्नडमध्ये मागतात. त्या लिप्यांतही हाच प्रकार आहे. कन्नडमधली दीर्घ ओकाराची मात्रा एका क्रमांकात राहते किंवा तीन तुकड्यांत. प्रत्येक लिपीची यादी वेगळी ठेवा. एकाच लांबलचक यादीत तिन्ही लिप्या कोंबल्या की नावात दोन लिप्या मिसळल्या तरी कळत नाही.

आता सफाई झालेलं नाव कुठे वापरायचं? मूळ नाव गिऱ्हाइकाने दिलं तसं एका रकान्यात ठेवा, त्याला हात लावू नका. शेजारच्या रकान्यात साफ केलेलं नाव ठेवा. तपासणी यावर, आणि मशीनला जाईल तेही हेच. साफ नाव तपासून मूळ नाव मशीनला पाठवणारी दुकानं आहेत, आणि तिथे ‘पास होतं पण चुकीचं उमटतं’ ही तक्रार कधीच संपत नाही.

६. जोडाक्षरांचा प्रश्न

इथून काम वेळखाऊ होतं.

सोलापुरात कोणत्याही यादीत सिद्धेश्वर, सिद्धाराम, सिद्धप्पा, मल्लिकार्जुन ही नावं असणारच. ‘सिद्धेश्वर’ घ्या. स, इकार, द, हलन्त, ध, एकार, श, हलन्त, व, र: दहाही कॅरेक्टर यादीत आहेत, तपासणी पास होते. पण भरतकामाच्या फाँटला ‘द’, हलन्त आणि ‘ध’ नकोत, त्याला ‘द्ध’ची अख्खी आकृती हवी. ती केलेली नसेल तर मशीन ‘द’चा पाय मोडून ‘ध’ शेजारी ठेवील किंवा काहीतरी गाळेल. कॅरेक्टरची तपासणी हे कधीच पकडू शकणार नाही, कारण तिला तो प्रश्न विचारलेलाच नाही.

अशा ठिकाणी नावाचे तुकडे आपण बोलताना पाडतो तसे पाडायला हवेत: सि, द्धे, श्व, र. मग प्रत्येक तुकडा मशीनच्या यादीशी ताडायचा, आणि ती यादीही तुकड्यांची करायची. मात्रा मशीनमध्ये वेगळ्या असतील तर आधी मात्रा बाजूला काढून उरलेला व्यंजनांचा गट तपासा: स, द्ध, श्व, र. नियम साधा आहे: व्यंजनानंतर हलन्त आला की पुढचं व्यंजन त्याच तुकड्यात, हलन्त नसेल तर तुकडा तिथे संपला.

तयार लायब्ररी वापरत असाल तर तिची आवृत्ती बघा. युनिकोडच्या तुकडे पाडण्याच्या नियमात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत बदल झाला. त्याआधीचे नियम देवनागरी जोडाक्षर हलन्ताशी तोडत, नंतरचे ते अखंड ठेवतात. दुकानातल्या एका संगणकावर ‘क्ष’ एक तुकडा आणि दुसऱ्यावर दोन, असं दिसलं तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

मशीनची तुकड्यांची यादी कशी करायची? याला आडवाट नाही. नेहमीच्या नावांतली जोडाक्षरं वेगळी काढा, एका रद्दी कापडावर सगळी भरून बघा, जी नीट उमटली तेवढीच यादीत लिहा. यात एक दुपार जाते, पण पुढच्या सगळ्या सीझनची निश्चिंती होते.

७. कोडच्या पोटात

हे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. दुकानदारांनी सोडून दिलं तरी चालेल.

तपासणी बाइटवर चालते की कॅरेक्टरवर? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच, दुसऱ्याच्या दोनच शक्यता, फरक मुख्यतः तिसऱ्यात. बाइटांचा संच करून ताडलं तर अक्षर यादीत नसतानाही त्याचे तिन्ही बाइट इतर अक्षरांकडून मिळतात. ‘अ’चा तिसरा बाइट आणि चंद्राचा तिसरा बाइट एकच आहे. यादीत ‘अ’ आहे, चंद्र नाही, पण एखादा एकार आहे, तर चंद्रही पास होतो. डिकोड करून मगच तपासा.

रेग्युलर एक्स्प्रेशनने केलेल्या तपासणीत दोन खड्डे आहेत. अक्षरयादी चौकटी कंसात जशीच्या तशी घातली आणि तिच्या मध्ये जोडरेघ असेल, तर ती जोडरेघ ‘इथपासून तिथपर्यंत’ असा अर्थ घेते आणि मधली सगळी अक्षरं आत येतात. दुसरं, पायथॉनच्या नेहमीच्या ‘री’ मॉड्यूलमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेत मात्रा आणि हलन्त बसत नाहीत, त्यामुळे ‘सोलापूर’ तिथे ओकारापाशीच अडतं. सेट वापरून सरळ तपासणी करणं मला दोन्हींपेक्षा बरं वाटतं. चुकलं तर कुठे चुकलं ते वाचून कळतं.

आणि तपासणीने नुसतं ‘नाही’ म्हणू नये. कोणतं कॅरेक्टर, नावात कितव्या जागी, त्याचा क्रमांक काय, हे छापा. न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल ‘उपलब्ध नाही’ असा निरोप वाचून समोरचा माणूस काय करणार?

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, आणि फाँट बदलताच ती मराठी होत असेल, तर तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधला आहे. त्यावर वरचं काहीही लागू पडत नाही. स्वतः अक्षरं बदलत बसू नका. डीटीपी करणाऱ्या माणसाकडून नेमका फाँट ओळखून रूपांतर करून घ्या, आणि आलेलं प्रत्येक नाव गिऱ्हाइकाकडून वाचून घ्या.

साफ केलेलं नाव, तुकड्यांची तपासणी, दोन्ही ठीक, आणि तरी कापडावर चूक येते, तर दोष फाँटमध्ये आहे. हे काम आकृत्या करून देणाऱ्या डिजिटायझरचं. मशीनच्या मेमरीतल्या फाइली स्वतः उघडून बदलू नका. एक आकृती बिघडली तर त्या फाँटचं सगळं काम थांबतं.

तपासणी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या आत असेल तर ती बनवणाऱ्यालाच बोलवा. त्याच्या डेटाबेसमध्ये परस्पर नावं दुरुस्त करू नका. आणि ती नावं आधार, बँक किंवा शाळेच्या दाखल्याशी जुळवायची असतील, तर सफाईचा एकही नियम जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय लावू नका. टॉवेलवर चालेल तो बदल कागदपत्रात चालत नाही.

बोलवताना अडलेल्या नावाचा फोटो पाठवू नका, फोटोत क्रमांक दिसत नाहीत. नाव मजकूर म्हणून फाइलमध्ये द्या, सोबत चौथ्या पायरीत काढलेली क्रमांकांची ओळ, अक्षरयादीची फाइल, आणि एक पास होणारं व एक नापास होणारं नाव. शंभर नावांची यादी पाठवण्यापेक्षा, ज्यात अजूनही दोष दिसतो असं सर्वांत छोटं नाव शोधून तेवढंच पाठवा.